गाडी बोलतच नाही, मॅडम!

आमच्या घरात माझ्यापेक्षा वयाने मोठं आणि माझ्यापेक्षा जास्त लाडावलेलं एक प्रकरण आहे. ते पांढरं आहे, चार दारांचं आहे आणि ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर पांघरून झोपलेलं असतं. टोयोटा कोरोला, १.६ लिटर, इम्पोर्टेड, मॉडेल १९९६. निदान या फेब्रुवारीपर्यंत मी सगळ्यांना १९९६ असंच सांगत होते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे महागात पडणार आहे.

बाबा सिंगापूरला जुराँगच्या एका शिपयार्डमध्ये इलेक्ट्रिशियन होते. ११ वर्षं जहाजांच्या पोटात वायरी ओढल्या आणि आजोबांचं दुखणं वाढलं तसे १९९६ मध्ये कायमचे परत आले. येताना 'ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स'च्या नियमाखाली स्वतःची गाडी बोटीत घालून घेऊन आले. कस्टम ड्युटी भरताना आईच्या दोन पाटल्या गेल्या, हा आमच्या घरातला अधिकृत इतिहास. गंमत म्हणजे तेव्हा टोयोटाचं इथे दुकानच नव्हतं. टोयोटा किर्लोस्कर स्थापन झाली १९९७ मध्ये, क्वालिस आली २००० मध्ये आणि इथली कोरोला २००३ मध्ये. म्हणजे बाकीच्या देशाच्या सात वर्षं आधी आमच्या गल्लीत कोरोला आली होती. शेजारच्या काकू अजूनही तिला 'सिंगापूर' म्हणतात. "आज सिंगापूर धुतली नाही वाटतं?" असं.

दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. चालायला लागले, बोलायला लागले, पण उजवा हात काही पूर्ण परत आला नाही. गाडीची किल्ली माझ्याकडे आली. आणि मी घरात एक अलिखित नियम करून टाकला, की बाबांसमोर गाडीचा विषय काढायचा नाही. उगाच त्यांना वाईट वाटायला नको!

किती समजूतदार मुलगी, नाही? थांबा. खरं कारण वेगळं होतं. मला गाडी विकायची होती.

त्याचं असं आहे. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षं चालतं. मग दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं. आमचं २०११, २०१६, २०२१ असं सुरळीत पार पडलं. पुढची तारीख होती मे २०२६. मधल्या काळात, म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये, २० वर्षांवरच्या गाड्यांची रिन्यूअल फी वाढली. साध्या चारचाकीला १०,००० रुपये. आणि इम्पोर्टेड चारचाकीला? ८०,०००. पर्यावरण कर वेगळा. मी फ्रीलान्स पत्रकार आहे. माझे चेक तीन-तीन महिने उशिरा येतात आणि आले की क्रेडिट कार्डवाले दारात उभेच असतात. ८०,००० हा आकडा वाचून मी दोन वेळा चष्मा पुसला. मी चष्मा लावत नाही, तरीसुद्धा.

त्यात गाडी आजारी. इंजिनाचं चित्र असलेला तो पिवळा दिवा कधी लागायचा, कधी आपोआप विझायचा. पेट्रोलचा वास यायचा. एका लिटरला १२ किलोमीटर देणारी बया सातवर आली होती. पीयूसीवाल्याने पाइपात नळी घातली आणि मान हलवली. कार्बन मोनॉक्साइड ४.६ टक्के. एप्रिल २००० च्या आधीच्या पेट्रोल गाड्यांना मर्यादा आहे ३ टक्के. म्हणजे पीयूसी नाही. पीयूसी नाही म्हणजे रिन्यूअल नाही. आणि काय बिघडलंय ते माहीत नसलेली जुनी इम्पोर्टेड गाडी विकायला काढली की जो भाव येतो, त्याला शुद्ध मराठीत भंगार म्हणतात.

तेव्हा माझा प्लॅन सिंपल होता. स्कॅनर घ्यायचा, बिघाड शोधायचा, दुरुस्त करायचा, विकायची. बाबांना शेवटी सांगायचं. हळूहळू. चांगला मूड बघून.

*

पहिली फेरी ऑनलाइन. ७५० रुपयांचा निळा, पारदर्शक, काडेपेटीएवढा डबा. ब्लूटूथवरून मोबाइलशी बोलतो, गाडीला काय झालंय ते स्क्रीनवर दाखवतो. जाहिरातीत लिहिलं होतं, '१९९६ नंतरच्या सर्व गाड्यांसाठी'. आपली १९९६ ची, म्हणजे काठावर पास! ऑर्डर केला.

या डब्यांचीही एक कथा आहे बरं का. कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स नावाच्या छोट्या कंपनीने ईएलएम ३२७ नावाची चिप काढली. पहिल्या आवृत्तीला कॉपीपासून संरक्षण नव्हतं. झालं! जगभर नकला सुटल्या. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, नकला मात्र जोरात आहेत. म्हणजे आपण जो डबा घेतो, तो बहुतेक वेळा नकलेची नकल असतो.

पण माझ्या नकलेला दोष देण्यात अर्थ नव्हता. मी पार्किंगमध्ये स्टिअरिंगखाली आडवी पडून, मोबाइलचा टॉर्च दातात धरून अर्धा तास सॉकेट शोधत होते. सॉकेटच नव्हतं! वॉचमन वाकून म्हणाला, "ताई, काही पडलं का?" म्हटलं, "हो. डोक्यावर."

दुसरी फेरी, मोठं चकाचक वर्कशॉप. एसी, कॉफी मशीन, काचेपलीकडे गाड्या. टॅबलेटसारखा स्कॅनर घेऊन एक मुलगा आला. मी सांगितलं, "१९९६ ची आहे." त्याने खाली वाकून बघितलं, वर बघितलं, बॉक्समधून चार-पाच वेगवेगळी तोंडं काढून बघितली. मग माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांकडे बघतात.

"गाडी बोलतच नाही, मॅडम!"

"म्हणजे?"

"म्हणजे कम्युनिकेशनच नाही होत. इंजिनचा कंप्युटर गेला असणार. तो इकडे मिळणार नाही. बाहेरून मागवला तर..." आणि त्याने जो आकडा सांगितला, त्यापुढे ८०,००० दयाळू वाटायला लागले. तपासणीचे १,२०० रुपये मात्र घेतले. गाडी न बोलण्याचे १,२००. माझ्या मुलाखतीत समोरचा माणूस बोलला नाही तर मला दमडी मिळत नाही.

तिसरी फेरी पुन्हा ऑनलाइन. आता मी हुशार झाले होते. 'टोयोटा २२ पिन ते १६ पिन' असं अडॅप्टर मागवलं, १,१०० रुपये. बॉनेटखाली एका कोपऱ्यात काळा डबा होता, त्याच्यात ते बसलं. अगदी टिच्चून बसलं! त्याला माझा निळा डबा जोडला. लाल दिवा लागला. मी पार्किंगमध्ये उडी मारली. मोबाइलवर चक्र फिरलं, फिरलं, फिरलं आणि संदेश आला की गाडीशी संपर्क होऊ शकत नाही.

तोपर्यंत मला एवढं कळलं होतं की सगळा घोळ भाषेचा आहे. हे निळे डबे ओबीडी-२ नावाच्या पद्धतीतल्या पाच भाषा बोलतात. अमेरिकेने १९९६ च्या मॉडेलपासून ही पद्धत सक्तीची केली. ठरावीक १६ पिनांचं सॉकेट, ठरावीक कोड, गाडी कोणत्याही कंपनीची असो. मूळ कारण कॅलिफोर्नियातला धूर. युरोपने पेट्रोल गाड्यांना २००१ पासून लावली. आपल्याकडे पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये आला आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ मध्ये. ज्या देशात कायदा नाही, तिथे कंपनी कशाला खर्च करेल? अडॅप्टरने प्लग बदलतो, भाषा नाही बदलत. चिनी माणसाच्या डोक्यावर पुणेरी पगडी ठेवली म्हणून तो काय मराठी बोलायला लागतो?

*

चौथी फेरी कुर्ल्याची. सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या पार्ट्सची दुकानं ओळीने आहेत. आरसे, दरवाजे, अख्खी इंजिनं फुटपाथपर्यंत आलेली. एका दुकानात पांढरी दाढी आणि कानात पेन्सिल असलेले चाचा बसले होते. मी माझी सगळी कर्मकहाणी सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, चहा मागवला आणि विचारलं, "गाडी बनी कब?"

"१९९६."

"वो तो रजिस्ट्रेशन हुआ ना बेटा. बनी कब?"

मी गप्प. हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. आणि मीही कुणाला विचारला नव्हता.

"ये स्कॅनरवाली गाडी नहीं है," चाचा म्हणाले. "ये बत्ती गिननेवाली है. घरमें पुराना किताब होगा तो देखो. नहीं तो जिसने खरीदी उसको पूछो."

जिसने खरीदी उसको पूछो! मी चर्चगेटपासून कुर्ल्यापर्यंत सगळ्यांना विचारून आले होते. ज्या माणसाने ती विकत घेतली, तो माझ्या शेजारच्या खोलीत दुपारची झोप काढत होता.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी अगदी सहज विचारल्यासारखं केलं. "बाबा, आपली गाडी नेमकी कधी बनलीय हो?"

"चौऱ्याण्णव," ते ताबडतोब म्हणाले. पेपरमधून डोकंही वर न काढता. "मी घेतली चौऱ्याण्णवमध्ये, इथे पासिंग झालं शहाण्णवमध्ये. का? स्कॅनर चालला नाही का?"

माझा चहा ठसक्यात गेला.

"तुम्हाला कसं माहीत?"

"दोन पार्सलं मीच घेतली. वर लिहिलेलं असतं ना." मग त्यांनी पेपर खाली ठेवला. "आणि परवा तू नसताना एक मुलगा आला होता. टाय वगैरे घालून. विकायच्या गाडीचे फोटो काढायला."

आई स्वयंपाकघरात एकदम भांडी जोरात घासायला लागली. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "माळ्यावर माझी निळी ट्रंक आहे, ती काढ."

ट्रंकेत शिपयार्डचं हेल्मेट होतं, मल्टिमीटर होता आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं जाडजूड रिपेअर मॅन्युअल होतं. सिंगापूरच्या ब्रास बासा कॉम्प्लेक्समध्ये जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेलं. पानापानावर बाबांच्या बारीक अक्षरातल्या पेन्सिलच्या नोंदी. दोन वर्षं मी त्यांना वाईट वाटू नये म्हणून गप्प होते. आणि ते बहुधा कुणीतरी विचारेल म्हणून गप्प होते.

*

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबा दोन वर्षांत पहिल्यांदा पार्किंगमध्ये उतरले.

ज्या काळ्या डब्यावर मी अडॅप्टर ठोकलं होतं, त्याच्या झाकणावर चक्क 'डायग्नॉस्टिक' असं कोरलेलं आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला छोटा नकाशा, कोणत्या घरात काय आहे त्याचा. मी तो फ्यूज बॉक्स समजून कधी वाचलाच नव्हता. पत्रकार!

"टीई-१ आणि ई-१," बाबा म्हणाले. "ही दोन घरं तारेने जोडायची, आणि किल्ली ऑन करायची. इंजिन चालू नाही करायचं. एसी बंद, गिअर न्यूट्रल. नीट वाच हं, एक घर चुकलीस आणि बॅटरीचं घर धरलंस तर फ्यूज उडेल."

मी पर्समधून यू-पिन काढून सरळ केली आणि खोचली. आता अडचण अशी की डबा बॉनेटखाली आणि दिवा आत डॅशबोर्डवर. एकट्या माणसाचं कामच नाही ते. बाबा दार उघडून ड्रायव्हिंग सीटवर बसले. उजव्या बाजूची किल्ली डाव्या हाताने फिरवायला त्यांना पूर्ण वळावं लागलं. मी बॉनेटखाली डोकं घालून उभी राहिले. त्यांना मदत करायला गेले असते तर त्यांनी मला हाकललं असतं.

"काय दिसतंय?"

"काही नाही. नुसता दिवा लागलाय. हलत नाही."

मी पिन काढून परत खोचली. काही नाही. मग बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढून पिन मागितली. बघितली आणि इतके हसले की वॉचमन धावत आला. पिन गुलाबी होती. वरून प्लॅस्टिकचं कोटिंग!

"प्लॅस्टिकमधून करंट जातो काय गं? हेच शिकवलं का मास कम्युनिकेशनला?"

वॉचमनच्या रजिस्टरची साधी लोखंडी पिन उसनी घेतली. खोचली. आणि आतून बाबांचा आवाज आला, मोजत असल्यासारखा.

"एक, दोन... थांबला. एक, दोन... मोठा थांबला. परत एक, दोन..."

सगळं ठीक असेल तर दिवा एकसारखा लुकलुकत राहतो. बिघाड असेल तर आकडे सांगतो. आधी दशक, मग छोटी विश्रांती, मग एकक. दोन आणि दोन. बावीस. मॅन्युअलमध्ये बावीस म्हणजे इंजिनाच्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं सर्किट.

गाडी बोलत होती! गेले दोन महिने ती बोलायला तयार होती. आम्ही तिच्याशी चुकीच्या भाषेत बोलत होतो एवढंच.

*

सेन्सर नवा घ्यायला मी निघालेच होते, तर बाबा म्हणाले, आधी तो खरंच मेलाय का बघ. मी सांगतील तसं तो खोलला आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात आलो. मल्टिमीटरच्या दोन तारा सेन्सरला लावल्या. बाहेर ठेवल्यावर रेझिस्टन्स १,८०० ओहमच्या आसपास. मग आईच्या चहाच्या पातेल्यातल्या कडक पाण्यात त्याचं टोक बुडवलं, आकडा भराभर उतरत ३५० च्या खाली आला. पाणी जितकं गरम, तितका रेझिस्टन्स कमी, हेच त्याचं काम. सेन्सर ठणठणीत होता. (आईने ते पातेलं त्यानंतर चहाला वापरलेलं नाही. ते आता बाबांचं पातेलं आहे.)

मग दोष कुठे? त्याच्यावर बसणाऱ्या प्लगमध्ये. आत बघितलं तर हिरवा गंज. गंजामुळे रेझिस्टन्स वाढायचा, कंप्युटरला वाटायचं इंजिन थंडच आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडायचा. म्हणून वास, म्हणून सातचं ॲव्हरेज, म्हणून पीयूसी नापास. मधूनच संपर्क पूर्ण तुटायचा, तेव्हा दिवा लागायचा आणि २२ ची नोंद व्हायची. परत जुळला की दिवा विझायचा. सगळ्या लक्षणांचं एकच उत्तर.

चाचांकडे तसलाच प्लग १५० रुपयांना मिळाला, वायरीच्या तुकड्यासकट. बाबांनी कुठली वायर कुठे ते सांगितलं, सोल्डरिंग मी केलं. पहिलं त्यांनी तोडायला लावलं. "जहाजावर असं केलं असतंस तर जहाज बुडालं असतं." दुसरं पास झालं. मग ईएफआयचा फ्यूज काढून काही सेकंद थांबलो, जुनी नोंद पुसली गेली. परत पिन लावली. दिवा एकसारखा लुकलुकत राहिला. लुकलुक, लुकलुक, लुकलुक. मी आयुष्यात इतका कंटाळवाणा आणि इतका छान कार्यक्रम बघितलेला नाही.

पीयूसी केंद्रावर आकडा आला १.१ टक्के.

हिशेब मांडूया. स्कॅनर ७५०, अडॅप्टर १,१००, गाडी न बोलण्याचे १,२००. एकूण ३,०५० रुपये पाण्यात. प्रत्यक्ष दुरुस्ती १५० रुपये. यू-पिन वॉचमनकडून फुकट.

*

त्या रात्री जेवताना बाबा म्हणाले, "आता विकायची तर वीक. माझी ना नाही."

"मग इतके दिवस?"

"इतके दिवस ती आजारी होती. काय झालंय ते आपल्यालाच माहीत नाही आणि दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची, हे बरं नाही. घेणारा माणूस घाटात अडकला तर शिव्या आपल्याला घालेल ना. आता कळलंय काय होतं ते. आता सांगून वीक."

मी रात्री उशिरापर्यंत कॅल्क्युलेटर घेऊन बसले. ८०,००० भागिले पाच वर्षं, म्हणजे वर्षाला १६,०००. महिन्याला १,३३३. माझ्या जिमची फी याच्यापेक्षा जास्त आहे आणि तिथे मी जानेवारीनंतर गेलेले नाही. शिवाय टॅक्सीचा खर्च वाचेल. शिवाय जुन्या वस्तू जपणं पर्यावरणाला... एवढ्यात माझ्या लक्षात आलं, की आपण निर्णय घेऊन झालाय आणि आता फक्त कारणं गोळा करतोय. तुम्हीही मोबाइल घेताना हेच करता, माहितीय मला.

जिम बंद केली. दोन थकलेल्या चेकांसाठी निर्लज्जपणे पाठपुरावा केला. उरलेले बाबांनी घातले, मी नको म्हटलं तरी. एप्रिलमध्ये फी भरली, गाडी आरटीओत दाखवून आणली. इन्स्पेक्टरने चासी नंबर तपासताना विचारलं, "कोण सांभाळतं हो एवढी?" मी मागच्या सीटकडे बोट दाखवलं. रजिस्ट्रेशन २०३१ पर्यंत.

आता दर रविवारी सकाळी येऊरच्या पायथ्यापर्यंत एक फेरी असते. मी चालवते. बाबा शेजारी बसून क्लच जास्त दाबतेस, ब्रेक उशिरा मारतेस, असं सांगत असतात. पूर्वी मला याचा राग यायचा. अजूनही येतो. पण मी रेडिओचा आवाज वाढवत नाही.

मागच्या आठवड्यात एका मित्राचा फोन आला. त्याच्या मामाची जुनी जपानी जीप आहे, दिवा लागलाय, कुठला स्कॅनर घेऊ? तुला माहिती आहे ना त्यातलं, म्हणाला.

मी म्हटलं, "स्कॅनर राहू दे. आधी सांग, गाडी बनली कधी? पासिंग नको सांगूस. बनली कधी?"

"अरे, ते मला काय माहीत?"

"मग मामांना विचार. आणि त्यांच्याकडे पिन असेल तर प्लॅस्टिकची नको म्हणावं."